संगणकाचा साज आणि संगणकाचा वेग

घरातील संगणक चार-पाच वर्षांचा झाला की त्याची चाल मंदावू लागते. खिडकी लहान-मोठी करताना पडदा अडखळतो, यादी उघडण्यास विलंब लागतो आणि नेट बँकिंगद्वारे वीजबिल भरावयास बसलेल्या ग्राहकाचा धीर सुटतो. अशा वेळी नवा संगणक घेण्याचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. तथापि तो खर्च करण्यापूर्वी एक विनाखर्चाचा उपाय करून पाहणे इष्ट ठरेल. तो म्हणजे संगणकाच्या दृश्य सजावटीस आवर घालणे.

२००१ मध्ये आलेल्या ‘विंडोज एक्सपी’ने पडद्यावर रंगीत कडा आणि सावल्या आणल्या. त्या प्रणालीस किमान ६४ एमबी मेमरी पुरत असे. २००७ मध्ये ‘विंडोज व्हिस्टा’ ग्राहकांच्या हाती आली. तिच्यातील ‘एरो’ नावाच्या काचेसारख्या पारदर्शक सजावटीसाठी मात्र १ जीबी मेमरी आणि १२८ एमबी ग्राफिक्स मेमरी आवश्यक मानली गेली. सौंदर्याची किंमत ही अशी वाढत गेली.

या सजावटीचा भार कसा पडतो? खिडकी सरकत उघडते तेव्हा संगणकास मधली अनेक चित्रे रेखाटावी लागतात. पारदर्शकतेसाठी वरच्या आणि खालच्या रंगांचे मिश्रण करावे लागते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात या कामासाठी मुख्य मेमरीचाच काही भाग खर्ची पडतो.

‘विंडोज १०’ किंवा ‘विंडोज ११’ असलेल्या संगणकावर पुढील कृती करावी :

१. ‘धिस पीसी’ या चिन्हावर माउसचे उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ निवडावे.

२. ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ उघडून ‘परफॉर्मन्स’ या शीर्षकाखालील ‘सेटिंग्ज’ दाबावे.

३. ‘ॲडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स’ हा पर्याय निवडावा. त्यामुळे सर्व खुणा पुसल्या जातील.

४. त्यानंतर ‘स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स’ या ओळीपुढे पुन्हा खूण करून ‘अप्लाय’ आणि ‘ओके’ दाबावे.

चौथी पायरी वगळू नये. अक्षरांच्या कडा खडबडीत राहिल्या तर देवनागरीतील मात्रा, अनुस्वार व जोडाक्षरे वाचणे कष्टाचे होते. ३ आणि ८ किंवा शून्य आणि ‘ओ’ यांत गल्लत होण्याचा संभव वाढतो. खाते क्रमांक अथवा ११ अक्षरी आयएफएससी भरताना अशी गल्लत महागात पडते. (या संकेतातील पाचवे अक्षर सदैव शून्य असते, हेही ध्यानी ठेवावे.)

या उपायाची मर्यादाही जाणून घ्यावी. याने संगणकाची मूळ क्षमता वाढत नाही. अनावश्यक काम तेवढे कमी होते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबल्यास ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. तेथे मेमरी सतत काठोकाठ भरलेली दिसल्यास मेमरी वाढवणे किंवा जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे अधिक परिणामकारक ठरते. कार्यालयीन संगणकांवर मात्र कर्मचारी बंधू-भगिनींनी संगणक विभागाच्या अनुमतीविना बदल करू नयेत.

वेगासाठी सुरक्षिततेचा बळी देणे सर्वथा अनुचित होय. ॲन्टिव्हायरस बंद करू नये, सुधारणा थांबवू नयेत. ‘विंडोज १०’चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला. अशा संगणकाचा पडदा कितीही चपळ झाला, तरी सुरक्षा-सुधारणा मिळत नसतील तर त्यावरून बँक व्यवहार करणे टाळावे.

‘तुमचा संगणक मंद झाला आहे, आम्ही दुरुस्त करून देतो’ असे दूरध्वनीवरून सांगणाऱ्या अपरिचितास संगणकाचा ताबा कदापि देऊ नये. दूरस्थ ताबा देणाऱ्या ॲपद्वारे होणाऱ्या फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सावध केले होते. फसवणूक झालीच, तर विनाविलंब आपल्या बँकेस आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा वडीलधाऱ्यांचा उपदेश घरखर्चाइतकाच संगणकासही लागू पडतो. चार शोभेच्या गोष्टी बाजूला सारल्या, तर जुना सोबती आणखी काही काळ निष्ठेने सेवा देईल आणि वाचलेली रक्कम आपल्या बचत खात्यात शिल्लक राहील.