जिवंत पेशीतील कॅल्शियमचे मापन : प्रतिदीप्त शोधकांची कार्यपद्धती व मर्यादा

प्रस्तावना

जिवंत पेशीत क्षणोक्षणी घडणारे रासायनिक बदल पेशीला इजा न करता कसे पाहावेत, हा जीवरसायनशास्त्रापुढील जुना प्रश्न आहे. पेशी फोडून केलेल्या विश्लेषणातून एखाद्या आयनाचे एकूण प्रमाण कळते. परंतु तो कोणत्या क्षणी, पेशीच्या कोणत्या भागात आणि मुक्त स्वरूपात किती होता, हे कळत नाही. प्रतिदीप्त शोधकांनी ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश शोषून लगेच त्याहून अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकणे म्हणजे प्रतिदीप्ती. ठरावीक आयनाशी बद्ध झाल्यावर ज्या रेणूची प्रतिदीप्ती बदलते, तो त्या आयनाचा शोधक होय. पेशीत दिसणारी चमक आणि तेथील आयनाची संहती या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे कॅल्शियमच्या शोधकांच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मापनातील अडचण

बेडकाच्या हृदयाचे आकुंचन चालू राहण्यासाठी द्रावणात कॅल्शियम आवश्यक असते, हे सिडनी रिंगर यांनी १८८३ मध्ये दाखवून दिले. पुढे स्नायूंचे आकुंचन, ग्रंथींचा स्राव, चेतापेशींमधील संदेशवहन अशा अनेक क्रियांत कॅल्शियमचा सहभाग सिद्ध झाला. मात्र त्याचे मापन सोपे नव्हते. विश्रांत अवस्थेतील पेशीद्रवात मुक्त कॅल्शियम सुमारे १०० नॅनोमोलर असते, तर पेशीबाहेर ते एक ते दोन मिलिमोलर, म्हणजे दहा हजार पटींहून अधिक असते. शिवाय पेशीतील मुक्त मॅग्नेशियम मिलिमोलरच्या आसपास असल्याने, हजारो मॅग्नेशियम आयनांच्या गर्दीतून एक कॅल्शियम आयन वेचावा लागतो.

१९६७ मध्ये रिजवे व ॲश्ली यांनी जेलीफिशपासून मिळवलेले एक्वोरिन हे प्रकाश देणारे प्रथिन बार्नॅकल या सागरी जीवाच्या मोठ्या स्नायुतंतूत टोचून कॅल्शियमचे चढउतार नोंदवले. परंतु लहान पेशींत सुईने प्रथिन टोचणे अत्यंत कठीण होते.

रेणूची रचना

या अडचणीवर रॉजर त्सिएन यांनी रसायनशास्त्राच्या मार्गाने उपाय शोधला. ईजीटीए हे संयुग मॅग्नेशियमच्या तुलनेत कॅल्शियमला कितीतरी घट्ट पकडते. पण त्यातील नायट्रोजन अणू उदासीन सामूजवळही प्रोटॉन धरून ठेवतात. त्यामुळे सामू थोडा बदलला तरी त्याची पकड बदलते. त्सिएन यांनी या संयुगात बेंझीन वलये गुंफली. नायट्रोजनची आम्लारिधर्मिता घटली आणि सामूचा अडथळा मोठ्या प्रमाणात दूर झाला. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेले हे संयुग बाप्टा या नावाने ओळखले जाते.

दुसरी अडचण शोधक पेशीत पोहोचवण्याची होती. या रेणूंवरील ऋणभारामुळे ते पेशीपटल ओलांडू शकत नाहीत. १९८१ मध्ये त्सिएन यांनी हे भार एस्टर गटांनी झाकण्याची पद्धत मांडली. भाररहित रेणू सहज आत शिरतो. पेशीतील विकरे एस्टर तोडतात, भार पुन्हा उघडे होतात आणि रेणू आतच अडकतो.

मापकाचा मोजमापावर परिणाम

या मालिकेतील क्विन-२ हा प्रारंभीचा शोधक उपयुक्त ठरला, तरी त्याची चमक मंद होती. संकेत दिसण्यासाठी तो पेशीत मोठ्या प्रमाणात भरावा लागे. परंतु कॅल्शियमला पकडणारा प्रत्येक शोधक हा कॅल्शियमचा बफरही असतो. त्यामुळे जो चढउतार पाहायचा, तोच शोधकामुळे दबून जाई. थोडक्यात, मोजणारा घटकच मोजल्या जाणाऱ्या घटनेत ढवळाढवळ करत होता.

१९८५ मध्ये ग्रिंकिविच, पोनी व त्सिएन यांनी फ्युरा-२ सादर केला. तो क्विन-२ च्या सुमारे तीस पट तेजस्वी असल्याने अल्प मात्रेत पुरतो. त्याचा दुसरा गुण अधिक महत्त्वाचा आहे. कॅल्शियमने बद्ध फ्युरा-२ हा ३४० नॅनोमीटरजवळच्या प्रकाशाने, तर मुक्त फ्युरा-२ हा ३८० नॅनोमीटरजवळच्या प्रकाशाने अधिक उद्दीपित होतो. उत्सर्जन दोन्ही वेळा सुमारे ५१० नॅनोमीटरला मोजले जाते. या दोन चमकींचे गुणोत्तर घेतले की पेशीची जाडी, शोधकाची मात्रा आणि त्याचे विटणे यांचा प्रभाव बहुतांशी वजा होतो. एकाच तरंगलांबीवर चमकणाऱ्या फ्लुओ-३ सारख्या शोधकांत ही सोय नाही. तेथे उजळ भाग म्हणजे अधिक कॅल्शियम की केवळ अधिक शोधक, हे चित्रावरून ठरवता येत नाही.

गुणोत्तर घेतले म्हणजे सर्व प्रश्न सुटले असेही नाही. ३७ अंश सेल्सिअसला फ्युरा-२ चा वियोजन स्थिरांक सुमारे २२४ नॅनोमोलर आहे. म्हणून कॅल्शियम काही मायक्रोमोलरच्या वर गेल्यास शोधक जवळजवळ संपृक्त होतो व पुढील वाढ नीट दिसत नाही. काही वेळा तो पेशीद्रवात न राहता पेशीअंगकांत साचतो. जस्ताचे आयनही त्याला घट्ट बांधले जातात.

लहान रेणूंच्या शोधकांबाबत अधिक सावधगिरी हवी. ऑक्सिडीकारकांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या डायक्लोरोडायहायड्रोफ्लुरोसीनची अभिक्रिया अपरिवर्तनीय आहे व ती अनेक ऑक्सिडीकारकांमुळे घडते. त्याची चमक साचत जाते. ती हायड्रोजन पेरॉक्साइडची त्या क्षणाची संहती सांगत नाही.

समारोप

१९९७ मध्ये त्सिएन व सहकाऱ्यांनी हरित प्रतिदीप्त प्रथिनाच्या रूपांपासून पेशीला स्वतःच तयार करता येणारे कॅल्शियम शोधक घडवले. या प्रथिनावरील कार्यासाठी शिमोमुरा, चाल्फी व त्सिएन यांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. साधने बदलली, तरी मूळ प्रश्न तेच आहेत. शोधक नेमका कशाशी बद्ध होतो? कोणत्या मर्यादेत प्रतिसाद देतो? पेशीत कोठे साचतो? आणि स्वतः किती आयन अडवून ठेवतो? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच रंगीत चित्राला मोजमापाचा दर्जा प्राप्त होतो. असे चित्र वर्गात दाखवताना त्यासोबत हे प्रश्नही मांडले, तर विद्यार्थ्याला दिसणे आणि मोजणे यांतील भेद उमगेल.