डॅकच्या कसोटीला तंबोरा

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा कारागिराच्या बोटांपेक्षा त्याच्या मानेकडेच माझं लक्ष गेलं. तार छेडायची, मान किंचित कलती करून ऐकायचं, घोडी आणि तार यांच्यामधला सुती दोरा केसभर सरकवायचा, पुन्हा छेडायची. एका जागी तार मुकी वाटते. दोरा जरासा पुढे गेला की तीच तार उघडते आणि खर्जातून गंधार बोलू लागतो, कुणीही न छेडलेला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण या गंधारामागचं कोडं विज्ञानापुढे त्याच्या शंभर वर्षं आधीच आलं होतं. तार जिथे छेडावी तिथे ज्या आंशिक स्वरांचा स्थिर बिंदू असेल ते स्वर उमटू नयेत, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिलं की तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. त्यांची घोडी धारदार नसून रुंद आणि किंचित वक्र असते, कंप पावणारी तार तिला क्षणोक्षणी टेकते नि सुटते, आणि दबायला हवे ते स्वर उलट जागे होतात.

हे सगळं आठवायचं कारण माझ्या टेबलावर आहे. वहीएवढ्या आकाराची एक काळी पेटी. संगणकातले आकडे घ्यायचे, त्यांची विद्युतलहर करायची आणि ती हेडफोनला पोचवायची, एवढंच तिचं काम. डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर, म्हणजेच डॅक. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातल्या आरएमई कंपनीचा ‘एडीआय-२ डॅक’. सीमाशुल्क धरून लाखाच्या पुढे गेलेली ही खरेदी मी वर्षभराची बचत मोडून केली. घेतल्यावर मनात एकच प्रश्न होता : लाख रुपयांनी तंबोऱ्यात नेमकं काय वाढलं?

मोबाइलला लावायचा हजाराच्या आसपासचा डोंगल आणि ही पेटी, दोन्ही तेच काम करतात. म्हणून आधी ते काम नीट समजून घ्यायला हवं.

सीडीवर ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून ठेवलेली असते. हा विचित्र आकडा संगीतातून आलेला नाही. सुरुवातीला डिजिटल ध्वनी साठवायला व्हिडिओ टेप वापरत. चित्राच्या वापरता येणाऱ्या २४५ ओळी, प्रत्येक ओळीत तीन नमुने, सेकंदाला ६० वेळा : गुणाकार करून पाहा. प्रत्येक नमुना १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. जुन्या पद्धतीचा डॅक म्हणजे रोधकांची शिडी. वरच्या बिटाला मोठा वाटा, खालच्याला त्याच्या निम्मा, असं उतरत जायचं. अडचण अशी की सर्वांत मोठ्या वाट्यातली चूकसुद्धा सर्वांत लहान पायरीपेक्षा कमी असावी लागते. तराजूत एक किलोचं माप ठेवताना ते पंधरा मिलिग्रॅमच्या आत बरोबर असावं, असा हा हट्ट आहे.

१ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये सोनीचा ‘सीडीपी-१०१’ विक्रीला आला, किंमत १,६८,००० येन. त्यात १६ बिटांचा एकच डॅक होता आणि तो डाव्या-उजव्या कानासाठी आळीपाळीने वापरला जाई. फिलिप्सकडे तेव्हा भरवशाची चिप होती ती १४ बिटांची. त्यांच्या अभियंत्यांनी जे केलं ते मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर पाऊल वाटतं. गणिताने मधले नमुने भरून त्यांनी वेग चौपट केला, सेकंदाला १,७६,४००, आणि पायऱ्या कमी असल्यामुळे होणारी चूक पुढच्या नमुन्यांच्या हिशेबात अशी फिरवली की तिचा बराचसा भाग माणसाला ऐकू न येणाऱ्या पट्टीत गेला. १४ बिटांच्या चिपमधून १६ बिटांच्या तोलाचं संगीत आलं. कमी पायऱ्या, पण जास्त वेग. या विचाराचं बीज जपानमध्ये आधीच पडलेलं होतं : टोकियो विद्यापीठातले हिरोशी इनोसे आणि यासुहिको यासुदा यांनी १९६२ मध्ये डेल्टा-सिग्मा पद्धत मांडली होती. आजचे बहुतेक डॅक, माझा लाखाचा काय आणि हजाराचा डोंगल काय, त्याच घराण्यातले.

म्हणूनच तो डोंगल इतका चांगला असू शकतो. अवघड भाग सिलिकॉनच्या कणात मावला आणि लाखोंच्या संख्येने तयार होऊ लागला. आकड्यांची मर्यादा तर निसर्गानेच घातली आहे. दोन व्होल्टच्या लहरीचे २४ बिटांप्रमाणे भाग पाडले तर एक पायरी होते साधारण ०.३४ मायक्रोव्होल्टची. एक किलोओहमचा साधा रोधक नुसता खोलीच्या तापमानाला ठेवला, तरी त्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या हालचालीने ऐकू येणाऱ्या पट्टीत ०.५७ मायक्रोव्होल्टचा गोंगाट होतो. खालच्या काही पायऱ्या त्या उष्णतेतच बुडालेल्या असतात. पेटीवर ‘३२ बिट’ छापलं म्हणून त्या वर येत नाहीत.

हे माहीत असूनही पहिल्या रात्री मला फरक ऐकू आला. ख्यालाची सुरुवात, फक्त तंबोरे, अजून गळा लागलेला नाही. डोंगलवर ऐकलं, मग नव्या पेटीवर. पेटीवर जवारी उघडली, खर्ज जवळ आला, दोन तंबोऱ्यांमध्ये हवा खेळू लागली. मी वहीत तसं लिहून ठेवलं, तारखेनिशी. ती पानं मी फाडलेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर लावला. शंभर हर्ट्झचा सपाट स्वर वाजवून हेडफोनच्या तोंडाशी विद्युतदाब मोजला (घरगुती मीटर खालच्या कंप्रतेलाच विश्वासू असतात, म्हणून शंभर). डोंगल ०.५० व्होल्ट, पेटी ०.५६. म्हणजे पेटी जवळजवळ एक डेसिबल मोठी वाजत होती. एवढा फरक कानाला ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवत नाही. तो जाणवतो जवळीक म्हणून, मोकळेपणा म्हणून. माझी उघडलेली जवारी बहुतांशी त्या सहा शतांश व्होल्टांची होती. तुलना करायची तर दोन्ही आवाज ०.१ डेसिबलच्या आत जुळवावे लागतात. ते केल्याशिवाय लिहिलेल्या कोणत्याही शेऱ्याला, त्यात माझे पहिले शेरेही आले, मी आता किंमत देत नाही.

दुसरी चूक याहून खोल होती. या पेटीत एक सोय आहे जी प्रत्येक महाग डॅकमध्ये असावी असं मला वाटतं : कंपनीने दिलेली चाचणीची फाईल वाजवली की आकडे वाटेत जसेच्या तसे राहिले की नाही हे पडद्यावर कळतं. माझे राहिले नव्हते. संगणकाची ध्वनिव्यवस्था ४४,१०० चे ४८,००० करून पुढे पाठवत होती. महिनाभर मी डॅकची परीक्षा घेत होतो आणि उत्तरपत्रिका वाटेतच बदलली जात होती. सेटिंग बदललं, पडद्यावर ‘पास’ आलं, आणि मी पहिल्यापासून सुरुवात केली.

आता खरी चाचणी. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून एक चेंजओव्हर स्विच आणि जॅक आणले, डब्यात बसवले. दोन्ही यंत्रांवर तोच तंबोरा, आवाज जुळवलेले. हेडफोन सेनहायझरचे एचडी ६००, १९९७ पासून चालत आलेलं ३०० ओहमचं मॉडेल. मुलगी पडद्याआड बसली, नाणं उडवून स्विच फिरवू लागली. ‘बाबा, बोला,’ एवढंच म्हणायची, तेही मुद्दाम एकसुरात, कारण तिच्या स्वरातूनही मला सुगावा लागू शकला असता. सोळा वेळा ओळखायचं. नुसत्या अंदाजाने सोळापैकी बारा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी, म्हणून बारा ही उत्तीर्ण होण्याची रेषा. मला नऊ आले. पुढच्या रविवारी पुन्हा बसलो तर सहा.

हा एका माणसाचा, एका हेडफोनचा निकाल आहे, त्यातून जगाचा नियम निघत नाही. पण मोठ्या चाचण्याही साधारण याच दिशेला बोट दाखवतात. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी बोस्टनच्या श्रोत्यांना उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण थेट आणि सीडीच्या मापातून गाळून ऐकवलं. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर, म्हणजे जवळपास नाणेफेक. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ राइस यांनी अशा १८ अभ्यासांतले साडेबारा हजारांच्या आसपास प्रयत्न एकत्र केले, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के आलं. कान तयार केलेल्या श्रोत्यांचं त्याहून जास्त. म्हणजे फरक शून्य नाही, पण तो दारात उभा राहून हाक मारत नाही. या दोन्हींचा विषय ध्वनिमुद्रणाचं माप होता, डॅकची जात नव्हे. तरी ‘रात्र आणि दिवस’ असा फरक लिहिणाऱ्याने हे आकडे समोर ठेवून लिहावं.

चिपच्या नावावरून आवाज ओळखणाऱ्यांसाठी एक घटना सांगण्यासारखी आहे. २० ऑक्टोबर २०२० रोजी जपानमधल्या नोबेओका इथे असाही कासेई मायक्रोडिव्हायसेस या कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि ती काही दिवस धुमसत राहिली. जगभरातल्या नामांकित डॅकमधल्या चिप तिथून येत. पुरवठा थांबला. कंपन्यांना आतली मंडलं नव्याने आखावी लागली, आणि माझ्या पेटीच्या नव्या प्रतींमध्ये अमेरिकेच्या ईएसएस कंपनीची चिप आली. बाहेरचं रूप तेच, नाव तेच. मापांत पडलेला फरक कानाच्या मर्यादेच्या कितीतरी खाली होता. चिपभोवती काय बांधलं आहे, विद्युतपुरवठा, घड्याळ, शेवटचा ॲम्प्लिफायर, त्यावर काम ठरतं, हे त्या आगीने दाखवलं.

मग लाख रुपये कशाचे? याचं उत्तर मला चाचणी हरल्यावरच मिळालं.

काही ठिकाणी मी सोळापैकी सोळा आणले. कानात खोल बसणारे संवेदनशील इअरफोन माझ्या जुन्या ॲम्प्लिफायरला लावले की संगीतामागे सतत ‘हिस्स’ असते. या पेटीत तशा इअरफोनसाठी वेगळं भोक आहे, आणि तिथे ती नाही. दोन आवर्तनांमधल्या शांततेत तंबोरा एकटा उरतो, तेव्हा हा फरक पडद्याआडूनही कळतो. (डोंगलवरही ही हिस्स ऐकू येत नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.) उलट टोकाला ताकद. डोंगल एक व्होल्टच्या आसपास थांबतो, पेटी दहा व्होल्टच्या घरात जाते. हळू आवाजात मुद्रित केलेली जुनी मैफल ३०० ओहमच्या हेडफोनवर ऐकायची तर ती उरलेली जागा कामी येते. शिवाय तिचा अंतर्गत रोध ०.१ ओहम. एचडी ६०० चा रोध शंभर हर्ट्झच्या आसपास पाचशेच्या वर चढतो. १२० ओहमच्या जुन्या ॲम्प्लिफायरवर त्यामुळे तिथला आवाज सुमारे एक डेसिबलने फुगायचा. माझ्या जुन्या यंत्रातला डग्ग्याचा जो घुमारा मला इतकी वर्षं ‘उबदार’ वाटत होता, त्याचा मोठा वाटा हाच असणार.

पण खरी किंमत वसूल झाली ती आणखी एका गोष्टीत. साठ-सत्तरच्या दशकांतल्या अनेक स्टिरिओ ध्वनिमुद्रिकांमध्ये तबला एका बाजूला आणि हार्मोनियम दुसऱ्या बाजूला ढकललेली असते. दिवाणखान्यातल्या स्पीकरवर हे चालतं, कारण दोन्ही आवाज खोलीत मिसळून दोन्ही कानांना पोचतात. हेडफोनवर तबला नुसता उजव्या कानात ठोकत राहतो, तासाभरात डोकं जड होतं. १९६१ साली बेंजामिन बाउअर यांनी यावर उपाय मांडला : डावीकडचा थोडा आवाज, खालच्या पट्टीतला, किंचित उशिराने उजवीकडे द्यायचा आणि उलटही. ते या पेटीच्या आत आहे, पाच पायऱ्यांमध्ये. दुसरी पायरी लावली आणि तबलजी माझ्या कानातून उठून गवयाशेजारी जाऊन बसले.

तसंच हळू आवाजाचं. आवाज कमी केला की कानाला खर्ज आणि तार दोन्ही प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं. पेटी आवाजाच्या बटणाप्रमाणे ती तूट आपोआप भरून काढते. वय अठ्ठावन्न, वरचं ऐकणं बारा हजार हर्ट्झपाशी संपतं. उरलंय ते जपायचं आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा आठवड्याला चाळीस तास, ८० डेसिबल अशी आहे. पूर्वी खर्जातला गंधार ऐकू यावा म्हणून मी आवाज चढवत जायचो. आता घर झोपल्यावर, बाहेरच्या रिक्षेच्या आवाजाहून हळू, तो ऐकू येतो.

डोंगलही मी ठेवला आहे, प्रवासाच्या पिशवीत. तपकीर गल्लीतल्या स्विचचा डबा टेबलाच्या खणात आहे. एक मित्र त्याचा चार लाखांचा डॅक घेऊन पुढच्या महिन्यात येणार आहे. तंबोऱ्याची तीच फाईल, मल्टिमीटर आणि नाणं काढून ठेवलंय. पडद्याआड बसायला मुलगी तयार आहे.