काडी पहिलवान

गेल्या रविवारी मधल्या सुट्टीत, भारतातून आलेल्या एका आजींनी माझ्या मुलाला पाहून म्हटलं, "अगं बाई, किती वाळलाय हा! खायला घालता की नाही?" सगळे हसले. तो हसला नाही. घरी जाताना गाडीत त्याने विचारलं, "बाबा, बारीक असणं म्हणजे आजारी असणं का?"

मी डॉक्टर नाही, संगणकवाला आहे. पण मीही बारीक, आणि तरी गेल्या वर्षी माझी रक्तातली साखर काठावर निघाली. तेव्हापासून या विषयावर वाचत होतो.

बालमित्रांनो, पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. सुमारे ८०० गरोदर बायका त्यात होत्या. त्यांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. त्या शेतात राबायच्या, पाणी भरायच्या. ज्यांचे कष्ट जास्त, त्यांची बाळं लहान. ज्यांच्या जेवणात पालेभाजी, फळं जास्त, त्यांची बाळं थोडी मोठी, असं दिसलं.

बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आता गंमत पाहा. चिमट्यासारख्या उपकरणाने बाळांच्या पाठीवरची कातडी मोजली, तर चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती! कमी होते ते स्नायू. म्हणजे दिसायला काडी, आत लोणी.

असं का व्हावं? पोटातल्या बाळाला रसद कमी पडली, की ते मेंदूला आधी वाढतं आणि स्नायूंच्या वाट्याला उरलंसुरलं येतं, असं शास्त्रज्ञ मानतात. पुढे भरपूर खायला मिळालं, की तेच शरीर गोंधळतं आणि मधुमेहाचा धोका वाढतो. (आमच्या धंद्यात जुन्या यंत्रावर नवा प्रोग्रॅम चढवला की असंच होतं, पण ते असो.)

२००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी 'लॅन्सेट' या साप्ताहिकात दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के!

पालकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. त्या खेड्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. ते दूध, अंडी, मांस-मासे यांतून मिळतं, भाजीपाल्यातून नाही. म्हणून २०१२ पासून त्याच अभ्यासातल्या, आता मोठ्या झालेल्या मुलामुलींना बी-१२ च्या गोळ्या देऊन पाहिल्या. मुलग्यांनासुद्धा! त्यांना पुढे होणारी बाळं सुदृढ व्हावीत, हा हेतू.

आमचं घर शाकाहारी, म्हणून आम्ही तिघांनीही डॉक्टरांकडे जाऊन बी-१२ तपासून घेतलं. मुलाला मी सांगितलं, "तू आजारी नाहीस. तुला जास्त खायची नाही, जास्त पळायची गरज आहे. स्नायू पळून वाढतात." तेव्हापासून तो संध्याकाळी सायकल काढतो, आणि मलाही ओढून नेतो.

आजींना हे सगळं सांगायचं राहिलंय. येत्या रविवारी त्या त्याच्यासाठी बेसनाचे लाडू आणणार आहेत म्हणे.