चोर घरचाच निघाला!

कर्करोग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एखादा परका शत्रू उभा राहतो. कोणीतरी बाहेरून आला आणि त्याने घर पोखरले, अशी आपली समजूत असते. १९८३ साली अक्षरांच्या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या आणि या समजुतीला मोठाच हादरा बसला.

ही अक्षरे प्रथिनांची. आपल्या पेशीतील बहुतेक कामे प्रथिने करतात. प्रत्येक प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. कोणत्या मण्यानंतर कोणता मणी, हा क्रम जनुकात लिहिलेला असतो. एकाच घराण्यातल्या माणसांचे नाकडोळे जुळावेत, तसे नात्यातल्या प्रथिनांचे क्रम जुळतात. आणि क्रम जुळला की बहुधा कामही जुळते. अनोळखी प्रथिनाची कुळकथा शोधण्याची ही युक्ती. त्यासाठी आधी ज्ञात क्रमांची वही हवी. अमेरिकेतील मार्गारेट डेहॉफ यांनी १९६५ साली अशा क्रमांचा संग्रह पुस्तकरूपाने काढला. कॅलिफोर्नियातील रसेल डूलिटल यांनीही संगणकावर स्वतःचा संग्रह जमवला होता.

'वूली मंकी' जातीच्या एका माकडाच्या गाठीतून मिळालेला एक विषाणू शास्त्रज्ञांना ठाऊक होता. त्याच्यातील 'सिस' नावाच्या जनुकामुळे पेशी बेसुमार वाढत. पण हे जनुक नेमके करते काय, हे कोडेच होते. दुसरीकडे, अगदी वेगळे लोक रक्तातील प्लेटलेट्समधल्या एका प्रथिनाचा अभ्यास करत होते. बोट कापले की प्लेटलेट्स तिथे गोळा होतात आणि हे प्रथिन सोडतात. आसपासच्या पेशींना तो निरोप असतो : 'वाढा, जखम भरा!' या प्रथिनाचे नाव पीडीजीएफ.

त्याचा थोडासा क्रम हाती येताच डूलिटल यांनी तो आपल्या संग्रहाशी ताडून पाहिला. तो जुळला माकडाच्या विषाणूतील सिसशी! लंडनमध्ये मायकेल वॉटरफील्ड यांच्या गटालाही त्याच सुमारास हेच आढळले. सुमारे शंभर अक्षरांच्या पट्ट्यात फरक अगदी मोजका. हा योगायोग असणे शक्यच नव्हते. विषाणूने माकडाच्या पेशीतले जखम भरणारे जनुकच उचलले होते. जखम नसतानाही तो 'वाढा, वाढा' असा निरोप देत सुटला होता. निरोप आपलाच; वेळ तेवढी चुकीची.

मात्र साम्य हा पुरावा नव्हे, तो सुगावा आहे. स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित 'बीआरसीए-१' जनुक १९९४ साली सापडले. १९९६ मध्ये, त्याच्या प्रथिनातील दहा जागांचा एक नमुना जुळतो या आधारावर, ते पेशीबाहेर स्रवणारे प्रथिन असावे असा दावा झाला. तो टिकला नाही. त्याच प्रथिनाच्या शेवटाकडील मोठा तुकडा मात्र यीस्टमधील डीएनएच्या राखणदार प्रथिनाशी जुळला, आणि बीआरसीए-१ डीएनएच्या दुरुस्तीत भाग घेते हे प्रयोगांनीही दाखवले. आडनाव एक असले म्हणून दोघे भाऊ ठरत नाहीत. वंशावळ पाहावी लागते, आणि शेवटी प्रयोगशाळेत खात्रीही करावी लागते.

या अक्षरजुळणीचा रुग्णाला काय उपयोग? त्वचेत होणाऱ्या एका दुर्मीळ गाठीत दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि हेच पीडीजीएफचे जनुक सतत चालू राहते. बहुतेक वेळा शस्त्रक्रिया पुरते. पण जिथे ती शक्य नाही, तिथे काय? इमॅटिनिब हे रक्ताच्या कर्करोगावरचे औषध या निरोपाचे 'कान'च बंद करते. म्हणून २००६ साली अमेरिकेत त्याला या गाठीसाठीही मान्यता मिळाली.

शत्रू घरचा असला की एक अडचण असते. त्याला सरसकट मारता येत नाही, कारण उद्या बोट कापले तर तोच लागणार. पण एक सोयही असते. घरच्या माणसाच्या सवयी ठाऊक करून घेता येतात. ही ओळख पटवण्याचे काम आज संगणक काही क्षणांत करतो. पुढची पारख मात्र अजूनही माणसालाच करावी लागते.