दुधी काचेवरील झाड

माणूस हलतो, पाखरू उडते, पाणी वाहते, आणि झाड तेवढे बिचारे जागच्या जागी उभे असते, म्हणून नवशिक्याने हात बसवावा तो झाडावर, असा एक समज छायाचित्रकारांमध्ये रूढ आहे. हा समज ज्याने प्रथम पसरविला त्याने पिंपळाचे पान नुसत्या झुळुकीनेही कसे थरथरते हे पाहिले असेलही. परंतु पुरा एक सेकंद प्रकाश घेऊन त्या पानाचे चित्र काढण्याचा प्रसंग त्याच्यावर खचित आला नसावा. चार इंच रुंद व पाच इंच लांब अशा फिल्मच्या सुट्या तावावर, भात्याच्या कॅमेऱ्याने, काळ्यापांढऱ्यात झाडे टिपण्याचा व्यासंग मी बरीच वर्षे केला आहे, आणि त्यात झाडाच्या हलण्याहून मोठी अडचण मला जाणवली ती ही की, झाड कधी एकटे उभे नसते. त्याच्या मागे दुसरे झाड, त्यामागे टेकडी, फांद्यांच्या फटींतून आकाशाचे पांढरे तुकडे, पायाशी झुडपांचे रान. डोळा ही सारी गर्दी रंगाच्या व अंतराच्या आधाराने आपोआप निवडतो. भिंगाला ती निवड येत नाही, आणि ती त्याच्या वतीने करणे हेच या कामातील मुख्य कलम होय.

हिरव्या रंगाचेच पाहा. करंजाची चकचकीत पालवी, आंब्याची जून पाने आणि बांबूचा पोपटी शेंडा यांतील भेद डोळ्याला कोणी सांगावा लागत नाही. फिल्मवर मात्र या सर्वांची वसुली करड्या रंगाच्या एकाच खात्यात जमा होते. त्यावर तोड म्हणून भिंगापुढे रंगीत काच लावतात. पिवळी काच आकाशाचा निळा थोडा दाबते व त्याबद्दल साधारण दुप्पट प्रकाश मागते. हिरवट काचेने पाने उजळतात. गडद तांबडी काच आठपट प्रकाश घेते आणि निळे आकाश जवळजवळ काळे करून सोडते, हे नाटक मला स्वतःला फारसे मानवत नाही. फाल्गुन-चैत्रात कुसुंबाला लालभडक पालवी फुटते, तेव्हा तेच झाड तांबड्या काचेतून पांढुरके आणि हिरव्या काचेतून काळसर उतरते. यांपैकी खरे कोणते, याचा निवाडा काच निवडणाराच करतो.

या कटकटीतून सुटण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे पानेच नसलेले झाड गाठणे. हेन्री फॉक्स टॅल्बट याने १८४२-४३ च्या सुमारास इंग्लंडात लेकॉक येथे कागदी निगेटिव्हवर ओकचे जे झाड उतरविले, ते हिवाळ्यातील निष्पर्ण झाड होते. पुढे पॅरिसच्या युजेन आत्झेने १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचा वाहून नेऊन सँ-क्लूच्या उद्यानातील झाडांची चित्रे घेतली, त्यांत कित्येकदा माथा सोडून नुसती मुळे आणि बुंधाच ठेवला. या दोघांकडून मी जे शिकलो ते त्यांच्या पद्धतीहून त्यांनी काय वगळले यावरून शिकलो.

आपल्याकडे निष्पर्ण झाडांत छायाचित्रकारावर विशेष मेहेरबान असे झाड म्हणजे कांडोळ. जुन्नरच्या बाजूला एका टेकडीच्या उतारावर असे एक जुने झाड आहे. भुत्या या नावानेही ते ओळखले जाते, आणि अंधार पडू लागल्यावर त्याच्याकडे पाहिले तर नाव ठेवणाऱ्याला दोष देता येत नाही. साल गुळगुळीत, पांढरट, पातळ पापुद्रे सुटणारी. पापुद्रा निघालेल्या ठिकाणी आत हिरवट-गुलाबी छटा. माघात अंगावर एक पान नाही, केवळ फांद्यांच्या टोकांना बारीक फुलांचे तुरे. मागे काळ्या कातळाची भिंत आहे, म्हणजे झाड वेगळे काढण्याचे निम्मे काम निसर्गानेच उरकून ठेवलेले. डाव्या हाताला एक बांधीव विहीर आहे, ती मी चौकटीबाहेर ठेवली.

तिपाई रोवून कॅमेरा पाणसळीत बसविला. झाडाचा माथा चौकटीत यावा म्हणून कॅमेरा वर कलंडविला, तर खोडे माथ्याकडे एकमेकांवर झुकू लागतात. म्हणून कॅमेऱ्याची पाठ ओळंब्यात ठेवून पुढील भिंगाची पाटी तेवढी वर सरकवावयाची, हा या यंत्राचा सर्वांत उपयुक्त गुण. भिंग पुढे कलवून पायाजवळच्या खड्यापासून क्षितिजापर्यंतची जमीन एकाच वेळी रेखीव करण्याचा जो नियम थिओडोर शाइम्पफ्लुग या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याच्या नावाने चालतो, त्याची नवशिक्यांना फार हौस असते. पण जमिनीतून सरळ वर निघालेल्या झाडापुढे ती हौस बहुधा महागात पडते, कारण जमीन साधली की माथा सुटतो. मी कल अगदी जुजबी ठेवतो आणि छिद्र एफ ३२ पर्यंत लहान करतो.

काळ्या फडक्याखाली डोके घातले की दुधी काचेवर ते झाड दिसते, उलटे, आणि डावे-उजवेही बदललेले. गीतेच्या पंधराव्या अध्यायातील अश्वत्थ ज्याने नुसता ऐकला आहे त्याला येथे तो नित्य पाहावयास मिळतो, आणि त्यातील तत्त्वज्ञान बाजूस ठेवले तरी त्याचा एक व्यावहारिक लाभ आहे: उलटे झाड ओळखीचे राहत नाही, त्यामुळे कोणती फांदी मागच्या कातळाच्या भेगेत मिसळते हे चटकन नजरेस येते. भिंगकाच डोळ्याला लावून मी बुंध्याच्या एका पापुद्र्याची कड तासत होतो, तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

“रावसाहेब, मोजणी कोणाच्या गटाची निघाली म्हणायची?”

तिपाई, फडके आणि एक डोळा मिटलेला इसम, एवढा पुरावा पाहिल्यावर आपल्या मुलखात दुसरा निष्कर्ष निघत नाही. मी डोके बाहेर काढून म्हटले, “मोजणी नाही, बाबा. या झाडाचा फोटो काढतोय.”

“फोटू? अन् त्याला एवढा बाडबिस्तरा?” असे म्हणून ते गृहस्थ विहिरीच्या काठावर बसले आणि पुढील सर्व कामकाज त्यांनी देखरेखीखाली घेतले.

प्रकाशमापकाने कातळाच्या सावलीचे व खोडाच्या उजळ बाजूचे माप घेतले. दोहोंत पाच पायऱ्यांचे अंतर होते. प्रत्येक पायरीला प्रकाश दुप्पट, म्हणजे खोड कातळाच्या बत्तीसपट उजळ. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या आसपास बसविलेल्या पद्धतीप्रमाणे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पट्ट्यांपैकी तिसऱ्यात कातळ ठेवला की खोड आठव्यात जाऊन पडते, आणि तेथे सालीचा पोत नाहीसा होऊ लागतो. त्यास सातव्यात खाली आणण्याची तजवीज पुढे रसायनात करावयाची असते; येथे फक्त वहीत तशी नोंद केली. पिवळी काच धरून मुदत एक सेकंद आली. होल्डर मागे सरकविला, त्याची सरकपट्टी उपसली, आणि मग तुऱ्यांकडे पाहत उभा राहिलो. ऊन उतारावर चढले की वारा सुटतो. त्याआधीचा अवधी थोडा, आणि त्यातही दोन झुळुकांच्या मधली उसंत हेरावी लागते. तार दाबली, झडप मिटली, पट्टीची काळी कड बाहेर करून ती परत घातली, कारण पांढरी कड म्हणजे कोरा ताव आणि काळी म्हणजे वापरलेला, हा शिरस्ता मोडल्यास एका तावावर दोन झाडे उगवतात.

पावसाळ्यात हेच काम महाबळेश्वरास निराळ्या नियमांनी चालते. तेथील जांभूळ आणि अंजनीची ठेंगणी, शेवाळाने व दगडफुलाने लडबडलेली झाडे एरवी एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की एक खोड सुटे दाखविणे अशक्य. धुके उतरले की मागची रांग फिकटते, तिच्या मागची पुसली जाते, आणि पुढचे झाड कबजात येते. रंगीत काचा येथे निरुपयोगी ठरतात, कारण धुक्यातील जलकण सर्व रंगांचा प्रकाश सारखाच विखुरतात. मापक दहा सेकंद सांगतो, पण दीर्घ मुदतीत फिल्मची ग्रहणशक्ती मंदावते, म्हणून इलफर्डच्या एफपी-४ला प्रत्यक्षात सुमारे अठरा द्यावे लागतात. तेवढ्या वेळात भिंगावर दव धरते आणि फडके ओले होऊन पाठीला चिकटते.

अंधारखोलीत या दोन्ही प्रकारांचा हिशेब चुकता होतो. फिल्म सर्व रंगांना जागी असल्यामुळे तांबडा दिवाही चालत नाही. तावाच्या कडेवरील खाचा बोटांनी चाचपून, त्या उजव्या वरच्या कोपऱ्यात आल्या म्हणजे लेप आपल्याकडे आहे, एवढ्याच भरवशावर काम करावे लागते. तबकात ताव एकावर एक ठेवून तळाचा अलगद काढून वर आणावयाचा, आणि एकाच्या कोपऱ्याने दुसऱ्याचा ओला लेप ओरखडू द्यावयाचा नाही. निम्मे पाणी घातलेल्या डी-७६ या रसायनात वीस अंशांवर साधारण अकरा मिनिटे लागतात. कांडोळाला मी नऊच्या आसपास दिली, धुक्यातल्या जांभळाला चौदा देतो, म्हणजे पहिल्याचा भडकपणा उतरतो आणि दुसऱ्याचा मिळमिळीतपणा जातो. वैशाखात पुण्याच्या नळाचे पाणी मात्र तीस अंशांपर्यंत जाते, तेव्हा तबकाखाली बर्फाचा बंदोबस्त करावा लागतो.

कांडोळाची प्रत मी त्या गृहस्थांना नेऊन दिली. साल सुरेख उतरली होती, कातळ काळा असून त्यातील भेगा वाचता येत होत्या, आणि तुऱ्यांपैकी एकच काय तो पुसट होता. त्यांनी प्रत हातभर लांब धरून पुष्कळ वेळ पाहिली. मग म्हणाले, “झाड आमचंच आहे, त्यात शंका नाही. पण विहीर कुठं गेली?”

विहीर मुद्दाम वगळली असे मी सांगितले, त्यामागची कारणेही सांगितली. त्यांना एकही पटले नाही. विहिरीच्या पाण्यावर ते झाड तगले आहे, आणि झाडाच्या खुणेवर विहीर सापडते, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या माघात मी कॅमेरा बराच मागे नेऊन, रुंद कोनाचे भिंग लावून, दोन्ही एका तावावर घेतली. त्या प्रतीत कांडोळ लहान झाला आहे आणि विहिरीचा पांढरा चुना त्याच्या सालीशी उगाच स्पर्धा करतो. माझ्या पेटीत ती प्रत तळाशी आहे, आणि त्यांच्या घरी ती दर्शनी भिंतीवर आहे.