आईबाप कशानं गेले?

लेखमाला : आधाराची घरं – भाग 6

भोकरहून नांदेडला निघणाऱ्या सकाळच्या एसटीत एखादी आज्जी नातवाला कुशीत घेऊन बसलेली असते. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत औषधाची संपत आलेली बाटली. शेजारच्या बाईनं सहज विचारलं, "लेकराला काय झालंय?" तर उत्तर ठरलेलं: "अशक्तपणा हाय, दवाखान्यात जायलाव." खरं सांगितलं तर शेजारची जागा रिकामी होईल, ही तिची भीती. ती उगाच नाही. मुलगा आणि सून गेले तेव्हा हेच तिनं स्वतःच्या अंगणात पाहिलेलं असतं.

नांदेडला पोचल्यावर बाटली टेबलावर ओतली जाते. समुपदेशक उरलेल्या गोळ्या मोजतात. दिवसाला दोन याप्रमाणे महिन्याच्या साठ गोळ्या असतील, तर त्यातल्या तीनच्या वर चुकून चालत नाही, कारण पंच्याण्णव टक्के नियमितपणाखाली गेलं की विषाणू औषधाला सरावतो आणि मग तीच गोळी निकामी ठरते. आता बऱ्याच जणांना दिवसाला एकच गोळी पुरते, पण मोजणी सुटत नाही. ज्या आज्जीला घड्याळ वाचता येत नाही, ती टीव्हीवरच्या मालिकेच्या वेळेवर गोळी देते. हे एड्सनं पोरक्या झालेल्या लेकराचं रोजचं आयुष्य.

पोरकं होण्याचेही प्रकार असतात, आणि मराठवाड्यानं ते जवळून पाहिले आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावं मातीच्या ढिगाऱ्यांखाली गेली आणि असंख्य मुलं एका रात्रीत उघडी पडली. सारा देश धावून आला. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे 1200 मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं. राष्ट्र सेवा दलाच्या पन्नालाल सुराणा यांनी नळदुर्गला 'आपलं घर' उभं केलं. त्या लेकरांना जवळ घेताना कुणाचा हात आखडला नाही, आणि ते योग्यच होतं.

पुढे चौदा वर्षांनी, 2007 साली, त्याच औसा तालुक्यातल्या हासेगावात रवी बापटले या तरुणानं पोरक्या मुलांसाठी आणखी एक घर सुरू केलं: 'सेवालय'. लातूरला पत्रकारिता शिकवणारा हा माणूस. एड्सनं गेलेल्या एका मुलाचे अंत्यसंस्कार करायला कुणी पुढे येत नाही, हे पाहिल्यावर त्याला नेहमीच्या नोकरीत राहवेना. 'आम्ही सेवक' या संस्थेच्या नावानं त्यानं एचआयव्हीबाधित मुलं सांभाळायला घेतली. तालुका तोच, माणसंही तशीच, पण या वेळी धावून येणारं जवळपास कुणी नव्हतं. ज्या भागानं भूकंपाची लेकरं छातीशी धरली, त्याच भागात या लेकरांना जवळ येऊ द्यायला लोक कचरले.

फरक एवढाच की, यांचे आईबाप कशानं गेले हे सांगता येण्यासारखं नव्हतं. माणूस कशानं मेला यावर त्याच्या लेकराच्या वाट्याला येणारी माया ठरते, ही आपल्या समाजाची फार जुनी आणि फार क्रूर सवय आहे. बापानं पाप केलं असं लोकांनी ठरवायचं आणि फेडायचं सहा वर्षांच्या पोरानं. त्या पोरानं काहीच केलेलं नसतं. औषधोपचार नसतील तर बाधित आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता पंधरा ते पंचेचाळीस टक्के असते. वेळेत औषध मिळालं तर ती पाच टक्क्यांच्याही खाली येते. भारतात एचआयव्हीवरची मोफत एआरटी औषधं 2004 च्या एप्रिलपासून मिळू लागली, मुलांसाठीचा स्वतंत्र कार्यक्रम 2006 च्या अखेरीस आला. त्याआधी जन्मलेल्या लेकराचं दुर्दैव इतकंच की, ते थोडं लवकर जन्माला आलं.

2009 च्या जुलैत सेवालयातली मुलं शाळेत जाऊन बसली तेव्हा गावातल्या पालकांनी आपली मुलं घरी ठेवली. एका बाजूला रिकामे बाक, दुसऱ्या बाजूला मोजकी मुलं. बातमी देशभर गेली. एका ताटात जेवल्यानं, एका बाकावर बसल्यानं, घाम लागल्यानं, डास चावल्यानं एचआयव्ही पसरत नाही, हे डॉक्टर तेव्हाही ओरडून सांगत होते. गावातले पालक मात्र दुष्ट नव्हते; ते घाबरलेले होते, आणि भीती पत्रकं वाटून जात नाही. ती रोजच्या सहवासानं जाते, त्याला वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं कुणीतरी तिथं मुक्काम ठोकून राहावं लागतं. छोट्या संस्थेचं मोल इथं आहे. अधिकारी तीन वर्षांनी बदलतो. बापटले हासेगावातच राहिले.

एड्सग्रस्तांशी भेदभाव करायला मनाई करणारा कायदा 2017 साली झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. आता कुठलीही शाळा या कारणानं प्रवेश नाकारू शकत नाही किंवा मुलाला वेगळं बसवू शकत नाही. याच कायद्यात एक फार हळवी तरतूद आहे: आईबाप नसलेल्या किंवा आजारी असलेल्या घरात बारा ते अठरा वर्षांचं समंजस मोठं भावंड धाकट्याचं पालक म्हणून उभं राहू शकतं. शाळेत नाव घालणं, दवाखान्यात सही करणं त्याला करता येतं. ज्यांनी हे कलम लिहिलं त्यांनी अशी घरं नक्की पाहिलेली असणार.

पण कायद्याला न सुटणारा प्रश्न एका संध्याकाळी घरातच उभा राहतो. "आज्जी, ही गोळी मलाच का? बाळूला का नाही?" उत्तर किती आणि कधी द्यायचं? मूल सहा-सात वर्षांचं झालं की थोडं थोडं सांगावं आणि बारा वर्षांच्या आत नीट कळू द्यावं, असं जाणकार सांगतात. आज्जीला मात्र ते जमत नाही. ती टॉनिकवर वेळ मारून नेते. मग पंधराव्या वर्षी मोबाइलवर औषधाचं नाव शोधून पोराला एकट्यालाच सगळं कळतं. तिथून गोळ्या बंद होतात, शाळा सुटते आणि पोरगं हैदराबादच्या गाडीत बसतं. सेवालयासारख्या घरात हा धक्का थोडा सोसवतो. तिथं आजूबाजूचे सगळेच ती गोळी घेत असतात, त्यामुळे लपवण्यासारखं काही उरत नाही. तिथल्याच मुलामुलींचा 'हॅपी म्युझिक शो' गावोगाव मंचावर उभा राहतो. ज्यांच्या शेजारी कुणी बसत नव्हतं, त्यांचं गाणं ऐकायला लोक जागा धरून बसतात.

नंतर येतं अठरावं वर्ष. बालगृहाचं छप्पर कायद्यानं तिथं संपतं. त्यापुढे एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणगृहात राहण्याची सोय आहे, पण अशी ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. औषधांमुळे आता ही मुलं जगतात, मोठी होतात, प्रेमात पडतात. सेवालयानं म्हणून 'हॅपी इंडियन व्हिलेज' उभं केलं. मोठ्या झालेल्यांनी तिथंच राहायचं, काम करायचं, एकमेकांशी लग्नं करायची. या नावाची आद्याक्षरं जुळवली की तीच तीन अक्षरं येतात ज्यांनी त्यांना घराबाहेर काढलं होतं. बीडजवळच्या पालीत दत्ता आणि संध्या बारगजे यांचं 'इन्फंट इंडिया' असंच दुसरं घर.

तरी प्रत्येक लेकराला हासेगावला धाडणं हा मार्ग नव्हे. आज्जी आहे, मामा आहे, तोवर लेकरू घरातच वाढावं. त्यासाठी राज्य सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. 2023 पासून तिची रक्कम 1100 वरून दरमहा 2250 रुपये झाली आहे. अनाथ, एकपालक, एचआयव्हीबाधित अशा घरांतल्या अठरा वर्षांखालच्या मुलांना ती मिळते. आज्जीची अडचण पैशाआधी कागदांची. आईबापांचे मृत्यूदाखले, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, पासबुक, मग गृहभेट, मग नांदेडला बालकल्याण समितीसमोर हजेरी. प्रत्येक खेपेला एक मजुरी बुडते. मृत्यूचा दाखला त्या वेळी काढलेलाच नसतो, कारण तेव्हा सगळ्यांना लवकर उरकायचं होतं.

म्हणून तालुक्याच्या गावाला इमारत बांधणाऱ्या संस्थेइतकीच, कदाचित थोडी जास्तच, गरज असते ती कागद घेऊन हिंडणाऱ्या एका कार्यकर्त्याची. ग्रामसेवकाकडे तो जातो, झेरॉक्स काढतो, आणि गल्लीत कुणी विचारलं तर "शाळेचं काम हाय" म्हणून विषय मिटवतो. अर्जासोबत एक फोटोही लागतो: पालक आणि मूल, स्वतःच्या घरासमोर. आज्जी नवं लुगडं नेसून येते, नातवाचे केस तेल लावून चापून बसवते. फोटोत घराचं दार दिसायला हवं, एवढीच अट असते.

(पुढील भागात : ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मागं राहिलेली लेकरं आणि हंगामी वसतिगृहं)