बुद्धिबळाच्या पटावरची वीस अंकी संख्या



बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात १ दाणा, पुढच्यात २, मग ४, असे दुप्पट करत ६४ घरे भरायची, ही गोष्ट आपण सगळेच मुलांना सांगतो. एकूण दाणे होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. मुलं ‘बापरे!’ म्हणतात आणि तास संपतो. खरं गणित मात्र इथूनच सुरू होतं.

आधी बेरीज बघा. १ + २ + ४ = ७, म्हणजे ८ वजा १. कुठल्याही घरातले दाणे मागच्या सगळ्या घरांच्या बेरजेपेक्षा एकाने जास्त असतात. म्हणून ६४ घरांची बेरीज म्हणजे २ चा ६४ वा घात वजा १.

ही संख्या वाचायची कशी? ‘लीलावती’तल्या स्थानांच्या यादीत शेवटचे नाव परार्ध, म्हणजे १ वर १७ शून्ये. आपली संख्या सुमारे १८४ परार्ध भरते!

साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर हिचे सुरुवातीचे काही अंक दाखवतो, शेवटचे गाळतो. मग एकक स्थानचा अंक कसा काढायचा? २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरत राहतात. ६४ ला ४ ने भाग जातो, म्हणून शेवटी ६. त्यातून १ वजा केला की ५. म्हणजे ५ ने भाग जातो. अंकांची बेरीज ८७, म्हणून ३ नेही जातो, पण ९ ने जात नाही.

बाकीचे अवयव? इथे आपलं नेहमीचं सूत्र कामाला येतं: दोन वर्गांची वजाबाकी = बेरीज × वजाबाकी. २ चा ६४ वा घात हा ३२ व्या घाताचा वर्ग आहे. म्हणून एक अवयव (३२ वा घात + १), दुसरा (३२ वा घात − १). दुसऱ्याला पुन्हा तेच सूत्र लावा. असं करत गेलं की उरतं:

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७

यातल्या पहिल्या पाच मूळ संख्या आहेत. सहावीही मूळ असावी, असं फर्माला वाटत होतं. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की ती ६४१ × ६७,००,४१७ आहे. या दोन्ही मूळ. म्हणजे एकूण सात वेगवेगळे मूळ अवयव. प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, असे दोनच पर्याय. म्हणून विभाजक २ चा ७ वा घात, म्हणजे १२८.

मोठी संख्या दिसली की मुलं पेन खाली ठेवतात. अंक मोजून घाबरायचं नसतं, संख्या कशी बनली ते बघायचं असतं, हे त्यांना इथे स्वतः अनुभवता येतं. वर्गात सुरुवात १६ घरांच्या छोट्या पटापासून करा. बेरीज ६५,५३५ येईल. तिचे अवयव मुलांनाच काढू द्या. उत्तर आधी सांगू नका हं!